झाकण उघडणाऱ्यांची पंगत

पुण्यात नळ स्टॉपच्या चौकात संध्याकाळचे साडेसात वाजतायत. वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल, पुलाखाली खोळंबलेल्या दुचाक्या आणि कडेला मांडवाचे बांबू बांधणारी पोरं. पाऊस आत्ताच थांबलाय. परवा गणपती बसणार. आज सोमवार, २५ ऑगस्ट २०२५, आणि मी चाललोय एका वाढदिवसाच्या जेवणाला. उत्सवमूर्ती हजर नसणार, कारण ती एक संगणकप्रणाली आहे. लिनक्सला आज ३४ वर्षं पूर्ण होतायत.

खाणावळ कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. गल्ल्यावरचे मालक पाठीवरची सॅक बघूनच विचारतात, "लिनक्सवाले ना? गच्चीवर जा, प्लग तिथेच आहेत." ही मंडळी जागा ठरवायला आली तेव्हा त्यांनी मेन्यूकार्ड मागायच्या आधी प्लगपॉइंट मोजले होते, हे ते आल्यागेल्याला सांगतात. मलाही सांगतात.

गच्चीवर पत्र्याचं छत, त्यावरून अजून थेंब टपकतायत. चार टेबलं जोडून एक लांब टेबल केलंय. त्यावर ताटं यायची आहेत, पण एक्स्टेन्शन बोर्ड आधीच येऊन बसलाय. तांब्याभांड्यांच्या मधून चार्जरच्या वायरी गेल्यात. मंडळी पंधरा-सोळा असतील. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले काका, सत्तरी ओलांडलेले, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला. एका सहकारी बँकेचे सर्व्हर सांभाळणारी तरुणी. अक्षरं काढणारी, म्हणजे फॉन्ट बनवणारी एक मुलगी. दर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन मोडक्या वस्तू घरी आणणारा एक गृहस्थ; त्याच्या बायकोने आजही फोन करून "येताना काही आणू नकोस" असं बजावलंय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी. हिंजवडीवाला अजून रस्त्यातच आहे. तो 'निघालो' असं सहा वाजता म्हणाला होता, 'वाकडच्या पुलावर' असं सातला म्हणाला. त्यापुढे त्याला कुणी काही विचारलेलं नाही.

सुरुवात अर्थातच वादाने होते. वाद वाढदिवसाच्या तारखेवरून आहे.

हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने इंटरनेटवरच्या एका चर्चागटात पहिल्यांदा कळवलं, की मी ३८६ जातीच्या संगणकांसाठी एक फुकट प्रणाली लिहितोय, हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. तो दिवस २५ ऑगस्ट १९९१. सगळं जग हीच तारीख पाळतं. पण बँकवाली म्हणते, "त्या संदेशावर ग्रीनविचची वेळ रात्री ८ वाजून ५७ मिनिटं आहे. साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून सत्तावीस मिनिटं, म्हणजे २६ तारीख. भारतीय वेळेनुसार वाढदिवस उद्या."

"उद्या हरतालिका," फॉन्टवाली म्हणते. "माझा उपास आहे. आजच साजरा करा."

प्रश्न निकालात निघतो. या टेबलावर इतक्या झटपट निकालात निघालेला हा पहिला आणि शेवटचा प्रश्न.

आता ऑर्डर. श्रावण शनिवारी संपला, बुधवारी गणपती येणार; मधल्या या तीन-चार दिवसांच्या फटीत पुण्यातल्या सगळ्या मटणखाऊ घरांची धांदल असते. खाणावळीचा तांबडा-पांढरा म्हणूनच आज जोरात आहे. पण सोमवार असल्यामुळे निम्म्या टेबलाचा हात आखडलेला. काका सोमवार पाळतात. जुन्या बाजारवाला म्हणतो, मी मंगळवार पाळतो, त्यामुळे आज मोकळा. शेवटी नऊ मटण थाळ्या, बाकीच्या भरलं वांगं आणि भाकरीच्या. सोलकढी सगळ्यांना. ऑर्डर घेणारा परभणीकडचा पोरगा वहीत लिहितो, एकदा वाचून दाखवतो आणि जाता जाता टेबलावरच्या लॅपटॉपकडे जरा जास्त वेळ बघतो.

तेवढ्यात जिन्यावरून एक बाई वर येतात. भोर तालुक्यातल्या एका शाळेत त्या गणित शिकवतात. एसटीने स्वारगेटला उतरून आल्यात, आजचा मुक्काम बहिणीकडे कोथरूडला. हातातली कापडी पिशवी त्या हळूच टेबलावर ठेवतात. पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक जाडजूड काळा लॅपटॉप.

"असे वीसेक आहेत शाळेत," बाई सांगतात. "एका कंपनीने दिले होते. चालू केला, की प्रार्थना संपते तरी उघडत नाही. आणि आता मुलं म्हणतात, ऑक्टोबरात हे बंदच पडणार."

बंद पडणार नाही, असं तिघं एकदम म्हणतात, आणि मग कोण समजावणार यावर पुन्हा तिघांत चढाओढ. शेवटी बँकवाली सांगते. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट विंडोज १० चा आधार काढून घेणार आहे. लॅपटॉप त्यानंतरही चालू होईल, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत. वर्षभराची वाढीव मुदत मिळवण्याची सोय आहे, पण ते दुखणं पुढे ढकलणं झालं. विंडोज ११ टाकावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. हे मशीन त्यात बसत नाही. "म्हणजे बाई, मशीन म्हातारं झालेलं नाही. त्याला म्हातारं ठरवलंय."

"मग भंगारात नको ना घालायला?" बाई विचारतात. मुख्याध्यापकांनी भंगारवाल्याला भाव विचारून ठेवलाय म्हणे.

भंगार हा शब्द ऐकून जुन्या बाजारवाला खुर्ची पुढे ओढतो. त्याच्या सॅकमधून तपकीर गल्लीत घेतलेला स्क्रूड्रायव्हरचा संच निघतो. तांब्या-भांडी बाजूला सरकतात, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं जातं, लॅपटॉप पालथा घातला जातो. मी खुर्ची सोडून उभा राहतो. इथून नीट दिसतं.

आधी बॅटरी. दोन खिट्ट्या सरकवल्या, की ती हातात येते. "नवीन लॅपटॉपांना हे सुख नाही," तो म्हणतो. मग स्क्रू. चटणीसाठी ठेवलेल्या स्टीलच्या वाट्या तो ओढून घेतो. एका वाटीत लांब स्क्रू, दुसरीत आखूड. मुदत संपलेलं डेबिट कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवतो. टक, टक, टक असं एकेक कुलूप सुटत जातं आणि खालचं झाकण अलगद वर येतं. आत पंख्याच्या पात्यांवर करड्या धुळीचा नमद्यासारखा थर. बाई वाकून बघतात. इतकी वर्षं हाताळलेल्या वस्तूच्या आत त्या पहिल्यांदाच बघतायत.

"हा पंखा. म्हणून गरम होतो," तो सांगतो. विद्यार्थी रंगकामाच्या बारीक ब्रशने धूळ काढतो. "ही हार्ड डिस्क. हिच्या आत खरोखरीची तबकडी फिरते, म्हणून इतका वेळ लागतो." तो ती काढतो आणि त्याच खाचेत तळहाताहून लहान, वजनाला काहीच नसलेली एसएसडी बसवतो. मग रॅमची पट्टी. तिरकी घालायची, खाली दाबायची, दोन्हीकडच्या चिमट्यांचा आवाज आला की बसली. चारची आठ जीबी झाली. जुनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो बाईंच्या हातात देतो. "ही जपून ठेवा. शाळेचं जे काही असेल, ते यात आहे. आम्ही हात लावलेला नाही."

या सगळ्याला दहा-बारा मिनिटं लागतात. स्क्रू मोजून परत जागेवर जातात. एकही उरत नाही, आणि याबद्दल टेबलावर चक्क टाळ्या पडतात.

पेनड्राइव्ह लागतो. लिनक्सचा कुठला अवतार टाकायचा यावर जे व्हायचं ते होतं. काका डेबियनचे. डेबियनची तेरावी आवृत्ती याच महिन्याच्या ९ तारखेला आलीय, ती सोडून दुसरं काही घेणं त्यांना पटत नाही. बँकवाली म्हणते, मिंट टाका, विंडोजवरून येणाऱ्याला ते ओळखीचं वाटतं. विद्यार्थी तिसरंच एक नाव घेतो, ते कुणी ऐकून घेत नाही. शेवटी बाईंना विचारावं असं फॉन्टवाली सुचवते.

"मुलांना चालवता आलं पाहिजे," बाई म्हणतात.

मिंट ठरतं. काका म्हणतात, "हरकत नाही, तेही शेवटी डेबियनच्याच वंशातलं आहे."

ताटं येतात आणि लॅपटॉप ताटांच्या रांगेत बसतो. पडद्यावरची पट्टी टक्क्याटक्क्याने भरत जातेय, शेजारी भाकऱ्या कमी होतायत. तांबड्या रश्श्याचा एक थेंबही कीबोर्डवर जाऊ नये म्हणून विद्यार्थ्याने मध्ये मेन्यूकार्ड उभं धरलंय.

जेवताना जुन्या गोष्टी निघणारच. उबुंटू हा लिनक्सचाच आणखी एक अवतार; उबुंटूवाले एके काळी मागेल त्याला जगात कुठेही फुकट सीडी पाठवायचे. "आमच्या पोस्टमनला वाटायचं, परदेशात माझं कुणीतरी आहे," जुन्या बाजारवाला सांगतो. २०११ मध्ये ती सोय बंद झाली, पण त्या कागदी पाकिटातल्या सीड्या त्याने अजून जपल्यात. मग पसाऱ्याचा हिशोब निघतो. १९९१ च्या सप्टेंबरात आलेली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती, आज लिनक्सचा गाभा चार कोटी ओळींवर गेलाय. २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येकावर लिनक्सच आहे. २०२१ मध्ये मंगळावर उडालेलं इंजेन्युइटी नावाचं छोटं हेलिकॉप्टरही त्याच्यावरच चाललं. आणि अँड्रॉइडच्या पोटात तेच असल्यामुळे आत्ता भाकऱ्या आणणाऱ्या पोराच्या खिशातही आहे.

"मग जिंकलोच की आपण," हिंजवडीवाला म्हणतो. तो आत्ता पोचलाय, साडेआठ वाजता, आणि उभ्या उभ्याच सोलकढी पितोय.

"जिंकलो कसले," काका म्हणतात. "खिशात आहे, पण झाकण उघडतंय का फोनचं?" आणि ते एक्स्चेंजमधल्या नोकरीचं सांगू लागतात. स्ट्रोजर पद्धतीच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये ग्राहकाने डायल फिरवली, की आकड्यानुसार सिलेक्टर तितक्या पायऱ्या वर चढायचा आणि मग आडवा फिरून मोकळी लाइन शोधायचा. सगळं डोळ्यांसमोर. रात्रपाळीला काका नुसत्या खटखटीवरून सांगायचे, की अमक्या रॅकवर बिघाड आहे. "आवाज चुकला, की कळायचं. आता काहीच आवाज करत नाही. बिघडतं तेव्हाही गप्प."

केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं, कंपन्यांनी आपल्या वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी म्हणून. बँकवाली ते मध्येच सांगते. काका मान हलवतात. "चांगलं आहे. पण आधी माणसाला उघडावंसं वाटलं पाहिजे."

विद्यार्थी बराच वेळ वाट बघत होता, आता तो स्वतःचा लॅपटॉप उघडतो. त्याने त्यात एक छोटं भाषिक मॉडेल बसवलंय. इंटरनेट बंद करून दाखवतो आणि मराठीत प्रश्न टाइप करतो, पिठलं कसं करतात? पंखा घोंघावायला लागतो. उत्तर एकेक शब्दाने उमटतं. बेसन ठीक, फोडणी ठीक, आणि मग दोन चमचे साखर. टेबलावर हलकल्लोळ. फॉन्टवाली मात्र पाककृती वाचतच नाहीये. ती पडद्याला नाक लावून बघते आणि म्हणते, "हे जोडाक्षर तुटलंय. फॉन्ट बदल."

"याचं झाकण उघडतं का?" काका विचारतात.

"उघडतं ना. सगळी फाइल माझ्याच डिस्कवर आहे, काका. कुणाला विचारायला जावं लागत नाही."

"आत काय आहे?"

"आकडे. अब्जावधी."

"साखर कुठल्या आकड्यामुळे पडली, सांगता येईल?"

विद्यार्थी थांबतो. "तसं नाही सांगता येत."

"म्हणजे झाकण उघडलं, तर आत दुसरं झाकण," काका म्हणतात आणि भरल्या वांग्याकडे वळतात. पोराला हे लागलंय, पण त्याने वही काढून काहीतरी टिपून घेतलंय. बहुधा तो घरी जाऊन तेच शोधत बसणार.

लॅपटॉप तयार होतो. बटण दाबल्यापासून पडदा यायला आता भाताचा एक घास पुरतो. बँकवाली सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू करते आणि बाईंना शिकवते. काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हे एकदा बसलं की झालं. बाई एका बोटाने शिफ्ट धरून एम दाबतात, मग ई, मग शिफ्ट धरून एन, पुन्हा ई. पडद्यावर 'शाळा' उमटतं. त्या ते पुसतात आणि पुन्हा लिहितात, या वेळी न विचारता.

आता सगळे बाईंकडे बघतायत, कौतुकाच्या अपेक्षेने. बाई हात पुसतात आणि विचारायला लागतात. प्रिंटर चालेल का? बहुतेक चालतात, मॉडेल सांगा, बघून ठेवतो. सरकारच्या यूडायस पोर्टलवर शाळेची माहिती भरता येईल? ब्राउझरमधून भरायची असते, येईल. सरल? तेही. वीज गेली आणि मध्येच बंद झालं तर? घाबरायचं कारण नाही. बाई प्रत्येक उत्तर ऐकून घेतात. मग शेवटचं विचारतात.

"आणि बिघडलं तर कोण येणार? आमच्याकडे याआधीही लोक आले होते. लॅब करून दिली, फोटो काढले. पुढच्या जूनमध्ये फोन लागेना."

टेबल पहिल्यांदाच गप्प. हिंजवडीवाला म्हणायला जातो, की सगळी माहिती नेटवर मिळते, पण वाक्य अर्ध्यावर सोडतो. जगातल्या पाचशेच्या पाचशे महासंगणकांवर लिनक्स आहे, हे उत्तर भोरच्या शाळेला पुरत नाही, हे सगळ्यांना कळतंय. मलाही इतका वेळ जे मजेचं वाटत होतं, ते आता जरा वेगळं दिसतंय. ते झाकण उघडणं, त्या स्क्रूच्या वाट्या, ती जपून परत दिलेली डिस्क यांची किंमत पुढच्या जूनमध्ये ठरणार आहे.

शांतता मोडतो तो ताटं उचलायला आलेला पोरगा. तो खिशातून फोन काढतो आणि कुणाकडे बघावं हे न समजून काकांकडे बघतो. "सर, हा चार्जच होत नाही. दुकानवाला म्हणतो बोर्ड गेला, पंधराशे लागतील."

काका चष्मा कपाळावर चढवतात, फोन दिव्याखाली धरतात, बंद करायला लावतात. बडीशेपेच्या बशीतली लाकडी टूथपिक उचलून तिचं टोक ते चार्जिंगच्या भोकात अगदी हलकेच फिरवतात. काही निघत नाही. पुन्हा फिरवतात. या वेळी टोकाबरोबर धाग्यांचा एक दाबून घट्ट झालेला बोळा बाहेर येतो; विजारीच्या खिशातला महिनोन्‌महिन्यांचा कचरा. बशीच्या कडेला ते तो ठेवतात. चार्जर लावतात. पडद्यावर बॅटरीचं चित्र हिरवं होतं.

"बोर्ड कुठेही गेलेला नाही," काका म्हणतात. "आता हे तू इथल्या बाकीच्यांना करून द्यायचं. फोन आधी बंद करायचा, आणि पिन घालायची नाही, लाकूडच." पोरगा टूथपिक नीट बघून घेतो. त्याच्याकडे बघता बघता बाई हसतात, आल्यापासून पहिल्यांदा.

"बाई, नववीतली दोन मुलं द्या," बँकवाली एकदम म्हणते. "मुलगी आणि मुलगा. वीस लॅपटॉप आम्ही करणार नाही. दोन आम्ही करू, बाकीचे ती करतील, आम्ही शेजारी बसू."

"आणि मोडलं तर?"

"मोडायला एक मी जुन्या बाजारातून आणून देतो," बाजारवाला म्हणतो. "तो मोडलेलाच असतो."

बिल येतं. वाढदिवस असो वा नसो, इथे टीटीएमएम हाच नियम, तुझं तू, माझं मी. बाईंचं मात्र कुणी घेऊ देत नाही. स्कॅन करता करता विद्यार्थी सांगतो, की बँकांची यूपीआयची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवर यायला लागली तीही २५ ऑगस्टलाच, २०१६ च्या. सोळा फोन एकामागोमाग टुणटुणतात आणि मालक खालून ओरडून विचारतात, "एकत्र नाही का देता येत?"

शाळेत जायच्या तारखेचं ठरायचं राहिलंय. विसर्जन ६ सप्टेंबरला, म्हणजे ७ चा रविवार झोपेतच जाणार. त्यापुढचा रविवार १४ तारखेचा. विंडोज १० ची मुदत संपायला बरोबर एक महिना. हिंजवडीवाला गाडी काढतो म्हणतो, चौघं तयार होतात, एसएसडी किती लागतील याची यादी मेन्यूकार्डाच्या पाठीवर होते.

"पण १४ तारखेला पितृपक्ष आहे," बाई म्हणतात. "मुख्याध्यापक म्हणतील, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नका."

"नवीन कुठे बाई?" काका पायात चप्पल सरकवत म्हणतात. "जुनीच तर मशिनं आहेत."